ऑनोरासाठी ठेवलेली ओळ

शनिवार, १४ जून २०२५, एनिस

चार महिने या वहीत एक अक्षर लिहिलं नाही. माफी मागायची तर ती वहीची की स्वतःची, हे ठरवता येत नाही, तरी मागते. शेवटची नोंद ६ फेब्रुवारीची आहे: 'आईला दवाखान्यात नेलं. ज्ञानेश म्हणतो, काळजीचं काही नाही.' तेरा तारखेला ती गेली. मी पुण्याला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. गुरुजी म्हणाले, लग्न झालेल्या मुलीला सुतक तीनच दिवसांचं, आणि तुमचे दीड दिवस तर प्रवासातच गेले. मी मनात मोजलं. हिशेब बरोबर होता.

आज लिहायला बसले, कारण बऱ्याच दिवसांनी एक चांगली गोष्ट घडली.

वारसा केंद्रात सध्या माझ्याकडे सेनन या गावाचं काम आहे. हे गाव इथलं नाही, अमेरिकेतल्या नेब्रास्कातलं, पण ते वसवलं इथल्या आयरिश लोकांनी. १८८०च्या एप्रिलमध्ये आपल्या क्लेअर परगण्यातल्या किलारडन गावची अठ्ठावीस कुटुंबं फादर कनेली नावाच्या धर्मगुरूबरोबर तिकडे गेली. तिथे प्रेअरी, म्हणजे क्षितिजापर्यंत नुसतं गवत. घर बांधायला लाकूड नाही, दगड नाही. मग त्यांनी घरून नेलेल्या कुदळी काढल्या आणि इथे जळणासाठी टर्फ, म्हणजे दलदलीतल्या मातीचा थर, कापतात तशी तिथली गवताळ जमीन कापून, तिच्या विटा रचून घरं उभी केली. विहीर खणली. तीन वर्षांनी चर्च झालं, मग रेल्वे आली, शाळा आली. एके काळी तिथे सहाशे बारा माणसं होती. आज एकसष्ट आहेत. या वसंतात त्या एकसष्ट जणांनी मत देऊन गाव अधिकृतपणे बंद करायचं ठरवलं. ऑक्टोबरमध्ये त्यांच्यातले अकरा जण इथे येणार आहेत. त्यांच्यासाठी प्रदर्शन आणि संस्थापकांच्या नावांची यादी माझ्याकडे आहे.

जानेवारीत किलारडनचे मार्टिन मीनी केंद्रात आले होते. वय सत्त्याऐंशी, शेतकरी, लग्न न केलेले, घराण्यातले शेवटचे. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मला एकच विचारायचंय." त्यांच्या आजोबांची बहीण ऑनोरा. बाविसाव्या वर्षी मायकल लिलिसशी लग्न झालं आणि दोनच महिन्यांत त्या अठ्ठावीस कुटुंबांबरोबर गेली. तिची दोन पत्रं आली. दुसरं नोव्हेंबर १८८०चं. पुढे काही नाही. तिची आई तीन वर्षं दर शुक्रवारी पोस्टात जाऊन उभी राहायची. नंतर तेही थांबलं आणि घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं. मात्र किलारडनच्या दफनभूमीत घराण्याचा जो दगड आहे, त्यावर आईवडलांच्या नावाखाली एक ओळ रिकामी ठेवली. ती अजून तशीच आहे.

आज सापडलं. सेननची गावकारकून डॉरथी हिने गावाच्या पन्नाशीची, १९३० सालची पुस्तिका पाठवली. तिच्यात लिहिलंय: 'मायकल लिलिस आणि पत्नी एलन, मृत्यू १९२२; मुलं सहा.' नाव ऑनोराचं एलन झालंय. लग्न, नवा देश, नवं नाव, असं होतंच. मी यादीत लिहिलं: 'ऑनोरा (विवाहानंतर एलन) लिलिस.'

योगायोग असा, की आज सकाळीच शपथपत्र करून आले. आईच्या फ्लॅटच्या कागदांसाठी माझ्या भावाला, ज्ञानेशला, ते हवं होतं: 'उर्मिला पुरुषोत्तम सबनीस आणि निवेदिता शशिकांत देवस्थळी ही एकच व्यक्ती आहे.' शपथ देणाऱ्या अधिकारी बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पहिलं नावसुद्धा बदललं?" म्हटलं, ताटात तांदूळ पसरून सासऱ्यांनी अंगठीने लिहिलं. "किती छान," म्हणाल्या. पाच मिनिटांत काम झालं.

संध्याकाळी मार्टिनना फोन केला. पुस्तिकेतली ओळ वाचून दाखवली.

"सहा?"

"सहा."

"फेअर प्ले टू हर," ते म्हणाले, म्हणजे शाब्बास तिची. मग थोड्या वेळाने, "म्हणजे लिहायला सवड मिळाली नसेल."

मी म्हटलं, सहा मुलं म्हणजे, मार्टिन. ते म्हणाले, "आमच्या आजोबांना अकरा होती, आणि ते दर आठवड्याला वर्तमानपत्राला तक्रारीची पत्रं लिहायचे." हसले. मीही हसले. फोन ठेवल्यावर वाटलं, मी जरा जास्तच आनंदात सांगितलं.

गुरुवार, १९ जून

डॉरथी स्वतः लिलिस! एलनची पणती. वय एकाहत्तर, नवरा गेलेला, मूल नाही. मार्टिनना कळवलं. म्हणाले, "म्हणजे माझं कुणीतरी आहे म्हणायचं," आणि लगेच हवामानाबद्दल बोलायला लागले. दोघांचे पत्ते एकमेकांना दिले.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

मार्टिनकडे गेले होते. डॉरथीची सात पत्रं आली आहेत, कागदावरची, हाताने लिहिलेली. ती त्यांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहेत. ऑक्टोबरात ती हॉटेलात उतरणार नाही, यांच्याकडेच राहणार. मागची खोली रंगवायला काढलीय. रंग कुठला घ्यावा म्हणून मला दोन तुकडे दाखवले. मला दोन्ही सारखेच पिवळे दिसले.

निघताना म्हणाले, चल, एक गोष्ट दाखवतो. दफनभूमीत नेलं. ती रिकामी ओळ भरली होती. ताजी अक्षरं, आत अजून पांढरी भुकटी: 'मार्टिन मीनी, १९३८', आणि पुढे एक आडवी रेघ.

"तिकडे तिला तिचा दगड आहे. सहा मुलांनी बसवलेला," ते म्हणाले. "तिच्यासाठी इथली जागा अडवून काय करायचं? शंभरावर वर्षं अडवलीच की."

चिडून म्हणाले असं नाही. पण मला वाटतं दुखावले आहेत. इतकी वर्षं घरात कुणीतरी तिची बाजू घेत असणार, ती बाजू आता पडली. मी त्यांना चांगली बातमी दिली होती. मग हे असं कसं झालं?

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रदर्शनाचे फलक छापून आले. पहिल्याच फलकावर मोठ्या अक्षरात आहे: 'पहिल्या हिवाळ्यात सेननमध्ये एकही माणूस दगावलं नाही.' हे वाक्य फादर कनेलींच्या फेब्रुवारी १८८१च्या पत्रातलं, जे इथल्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. तो हिवाळा तिकडचा सगळ्यात वाईट. ऑक्टोबरातच बर्फ सुरू झालं, रेल्वे महिनोन्‌महिने बंद, लोक गवत पिळून जाळत होते. माझ्या यादीशी ताडून मीच या वाक्यावर बरोबरची खूण केली होती.

जेवताना सानिकाला फलकांचे फोटो दाखवले. पंधरा वर्षांची आहे, तिला यात रस नाही हे मला ठाऊक आहे, पण पाहत होती. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीतून येतं. म्हणाली, "हिचं नाव ऑनोराचं एलन का झालं?"

"लग्न झालं म्हणून."

"आडनाव बदलतं, आई. पहिलं नाव कोण बदलतं?"

"मी बदललं."

"हो, पण ते तुमच्यात." पोळीचा तुकडा मोडत तिने मान हलवली. "इथल्या बायकांनी कशाला बदलावं? दॅट्स मॅड."

शशिकांत हसला. "बघ निवे, तुझ्या यादीला परीक्षक मिळाला."

मीही हसले. मग ताटात हात तसाच ठेवून बसले. वरण गार झालं.

जहाजाच्या यादीतली ऑनोरा मी स्वतः पाहिली आहे. एलन फक्त पन्नास वर्षांनंतरच्या छापील पुस्तिकेत आहे. मधलं काहीही मी पाहिलेलं नाही. मूळ पान पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही, हे एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून मी स्वतःला बजावत आले. त्या दिवशी ते मला आठवलंसुद्धा नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

डॉरथीला ईमेल केली: फादर कनेलींनी ठेवलेल्या नोंदवहीतली १८८० आणि ८१ची पानं हवीत. कारण सांगितलं नाही. लिहिलं, 'फलकासाठी.' हे खोटं आहे.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

पानं आली. फोटो स्वच्छ आहेत. वही लॅटिनमध्ये आहे, म्हणून डॉरथीला बहुधा काही कळलं नसावं. खाली तिने लिहिलंय, 'माझ्या पणजीच्या लग्नाची नोंद! तुमच्यामुळे पहिल्यांदा पाहिली.'

लग्नाची तारीख ९ जून १८८१. वधू एलन टब्रिडी, वय एकोणीस. वर मायकल लिलिस. त्याच्या नावापुढे एक शब्द, त्याचा अर्थ विधुर.

दोन बायका. एक नोव्हेंबरात घरी पत्र लिहीत होती, आणि जूनमध्ये तिचा नवरा विधुर होता. दफनाच्या पानांवर तिचं नाव नाही. त्या हिवाळ्यातलं कुणाचंच नाही. जमीन गोठलेली असणार; खणताच येत नसणार. फादर कनेलींना पुढच्या वसंतात इथून आणखी कुटुंबं न्यायची होती. त्यांनी वर्तमानपत्राला लिहिलं, एकही माणूस दगावलं नाही. ते सोयीचं होतं. आणि एकशे चव्वेचाळीस वर्षांनी मी, पदवी असलेली, पगार घेणारी बाई, त्यावर शिक्का मारला. त्यांनी निदान तिला वगळलं होतं. मी तिला पुसून वर तिच्यावर सहा मुलं लादली, आणि आईला विसरल्याचा डागही.

मुद्दाम केलं नाही, हे खरं. पण इतक्या सहज कसं झालं? शपथपत्रात मी लिहिलं ते तर बरोबरच होतं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

ब्रीड ही आमच्या केंद्राची प्रमुख. तिला घरी फोन करून सांगितलं. तिने शिवी हासडली, मग शांत झाली. "शुक्रवारी लोक येतायत. सोमवारी जातील. मग सांग. तीन दिवसांनी कुणाचं काय बिघडतं?"

शशिकांत म्हणाला, "सांगूच नकोस असं म्हणेन मी. त्या म्हाताऱ्याला सत्त्याऐंशीव्या वर्षी एक नातेवाईक मिळालीय. तू ती काढून घेणार, आणि बदल्यात काय देणार? एक मेलेली मुलगी."

"ती त्यांचीच आहे."

"अगं, पण दुसरी चहा करून देणार आहे ना त्यांना."

 मला राग आला नाही. त्याचं म्हणणं दयेचं होतं. माझं कशाचं आहे, तेच मी दिवसभर तपासतेय. त्यांना खरं कळावं म्हणून सांगायचंय, की माझ्या यादीत चूक राहू नये म्हणून? मार्टिन नसते, नुसती यादी असती, तरी मी एवढीच बेचैन झाले असते का? वाटतं, झाले असते. ही गोष्ट माझ्या बाजूने बोलत नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पणत्या लावल्या, चार करंज्या तळल्या. ज्ञानेशकडे यंदा दिवाळी नाही, आईचं वर्ष आहे. आपल्याकडे करायला हरकत नाही, असं सासूबाई फोनवर दोनदा म्हणाल्या.

ज्ञानेशचाही फोन आला. "ताई, फ्लॅटचं सगळं झालं. तुला आता कसलाच त्रास नाही. दारावरची पाटीपण बदलली." फोटो पाठवला. जुन्या पाटीवर आईचं नाव होतं आणि खाली आमची दोघांची, ज्ञानेश, उर्मिला; आम्ही शाळेत असताना बाबांनी करून घेतलेली. नव्या पाटीवर तो, वहिनी आणि पियूष. पितळी आहे. छान दिसते. अक्षरं जरा मोठी वाटली.

ज्ञानेश मला नुसतं ताई म्हणतो. 'उर्मे' म्हणणारी आई एकटीच होती. हे आत्ता उगाच लिहिलं.

बुधवार, २२ ऑक्टोबर

गेले आणि न सांगता परत आले.

खोली तयार आहे. पिवळी. नवी गादी, अजून तिचं प्लॅस्टिक काढलेलं नाही. कपड्यांचं कपाट रिकामं करून आत चार हँगर लावलेत. "चार पुरतील ना बाईमाणसाला?" मला विचारलं. खिडकीत ऑनोराच्या त्या दोन पत्रांची चौकट करून उभी केलीय. "तिला दाखवीन. तिच्या पणजीचं अक्षर," म्हणाले.

मी म्हटलं, पुरतील.

गाडीत बसल्यावर बराच वेळ चावी फिरवली नाही. पाऊस होता. त्यांनी खिडकीतून पाहिलं असणार, कारण दिवा लावून दारात आले आणि हाताने विचारलं, काय झालं? मी हात हलवला आणि निघाले.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

आज सांगितलं.

सकाळी केंद्रात फलकावरच्या त्या वाक्यावर पांढरी पट्टी चिकटवली. ब्रीडने पाहिलं, नंतर पट्टीचा एक कोपरा सुटला होता तो तिनेच दाबून बसवला. मग मी किलारडनला गेले. दारातच बोलायला सुरुवात केली, कारण आत गेले असते तर चहा आला असता, आणि चहानंतर मला जमलं नसतं. म्हटलं, मार्टिन, मी जूनमध्ये तुम्हाला चुकीचं सांगितलं. चूक पुस्तकाची नाही, माझी. एलन म्हणजे ऑनोरा नव्हे.

त्यांनी मला आत घेतलं. स्वतः बसले. सगळं ऐकून घेतलं. मग एकेक विचारलं.

"कधी?"

"नोव्हेंबर आणि जूनच्या मध्ये कधीतरी. दिवस माहीत नाही."

"कशाने?"

"माहीत नाही."

"कुठे पुरलंय?"

"नोंद नाही. दफनभूमीलगतच्या एका कोपऱ्यात नांगर घालायचा नाही असं गावात पहिल्यापासून ठरलेलं आहे, असं डॉरथीने एकदा लिहिलं होतं. का, ते तिला माहीत नाही."

ते चुलीकडे बघत होते. "शुक्रवारी जायची," म्हणाले. "आमची पणजी. तीन वर्षं दर शुक्रवारी. पहिल्या शुक्रवारी गेली तेव्हाच ती मेलेली असेल."

"कदाचित."

"आणि आम्ही तिला शिव्या घातल्या. माझ्या बापाने घातल्या. मी घातल्या, या ऑगस्टमध्ये, त्या दगडापाशी, तू गेल्यावर. सहा पोरं झाली आणि आईला चार ओळी लिहवल्या नाहीत, म्हणून."

मी म्हटलं, ते माझ्यामुळे.

"हो," ते म्हणाले. "तुझ्यामुळे." त्यांनी ते सौम्य करायचा प्रयत्न केला नाही. मला ते बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

त्यांनी चुलीत जळण सारलं.

"म्हणजे ही उद्या येणारी माझी कुणी नाही."

"रक्ताची नाही."

"हं." त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मी म्हटलं, डॉरथीची सोय एनिसमध्ये हॉटेलात करता येईल, मी आजच फोन करते. ते माझ्यावर जवळजवळ ओरडले. "डोकं फिरलंय का तुझं? गादी आणलीय मी."

"तिला मी सांगते."

"तू नको सांगूस. तू पुष्कळ सांगितलंस." मग जरा थांबून, "मी सांगेन. आधी तिला जेवू दे. अर्धा दिवस प्रवास करून येणार ती."

उठले, खिडकीतली चौकट उचलली, बाहीने काच पुसली आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवली. परत आले तेव्हा हातात दगड कोरणाऱ्या डेक्लनचं कार्ड होतं.

"याला फोन कर. मी केला तर भांडण होईल, त्याने ऑगस्टमध्ये दोन महिने लागतील म्हणून सांगितलं होतं आणि नेमकं चार दिवसांत केलं. त्याला सांग, माझं नाव काढ आणि तिचं घाल. ऑनोरा मीनी. लिलिस नको. वर्ष १८८१, आणि पुढे प्रश्नचिन्ह वगैरे काही नको."

मी म्हटलं, कोरलेलं अक्षर काढता येतं की नाही मला माहीत नाही. दगड घासावा लागेल. वरची नावं, तिच्या आईवडलांची, तीही घासली जातील कदाचित.

"मग माझ्या नावाच्या वर, मधल्या फटीत. बारीक अक्षरात. आईच्या खाली लगेच."

"तिथे दोन बोटं जागा आहे, मार्टिन."

"दोन बोटं पुरे झाली. ती काही मोठी बाई नव्हती." टोपी डोक्यावर घातली, काढली. "आणि नाहीच जमलं तर माझं नाव जाऊ दे. मी कुठेही मावेन."

घरी आले तेव्हा शशिकांतने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, गादी आणलीय म्हणाले. सानिका अभ्यास करत होती. दारात उभी राहून तिला सांगितलं, तुझं बरोबर होतं. ती मान वर न करता म्हणाली, "ग्रँड." म्हणजे इथलं 'ठीक'.

यादी दुरुस्त केली. आता तिच्यात सत्तावन्न प्रौढांऐवजी अठ्ठावन्न नावं आहेत. एलन टब्रिडी खाली वेगळी लिहिली, ऑनोरा लिलिस वर एकटी राहिली. तिच्यापुढचा कंस काढला.

उद्या: सकाळी नऊला, डॉरथीचं विमान उतरायच्या आत, डेक्लनला फोन. दोन बोटांत किती अक्षरं बसतात, ते विचारायचं.